सहाध्यायी-मैत्री, अपंग व अन्य विद्यार्थ्यांमधील

शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेले विद्यार्थी आणि तसे अपंगत्व नसलेले त्यांचे सहाध्यायी यांच्यात शालेय जीवनात जुळणारे मैत्रीसंबंध, तसेच हे संबंध जुळावेत म्हणून शिक्षणसंस्थांनी हेतुतः योजलेले उपाय. अपंगांच्या शिक्षणाचा इतिहास सामान्यतः शाळांची स्थापना, लिपी व साधने यांचे शोध आणि कायदे यांच्या आधारे सांगितला जातो. अपंग मुलाला शाळेत मित्र मिळाले की नाही, हा प्रश्न त्या इतिहासात दीर्घकाळ दुय्यम राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला आणि एकाच वर्गात बसल्याने मैत्री आपोआप जुळत नाही, ही गोष्ट स्पष्ट झाली.

या विषयात तीन संज्ञांमधील भेद लक्षात घ्यावा लागतो. वर्गातील इतर मुले एखाद्या मुलाला टाळत नाहीत किंवा चिडवत नाहीत, या स्थितीस स्वीकार म्हणतात. खेळात, डबा खाताना वा जाता-येता ती त्याला बरोबर घेतात, तेव्हा सोबत असते. मैत्री ही याहून पुढची अवस्था होय. तीत परस्परांची स्वेच्छेने केलेली निवड, सातत्य आणि देवघेव यांचा समावेश होतो. मैत्रीत केवळ एकाने घ्यायचे व दुसऱ्याने द्यायचे, अशी वाटणी नसते. संभाषण सुरू करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, मदत मागणे, नको असलेली मदत नाकारणे, थट्टा ओळखणे, भांडण मिटविणे यांसारख्या क्षमतांना सामाजिक कौशल्ये म्हणतात. ती बहुतांशी समवयस्कांच्या सहवासातच आत्मसात होतात. त्यामुळे ज्या मुलाला मित्र नाहीत त्याला ही कौशल्ये शिकण्याची संधी मिळत नाही आणि कौशल्ये नसल्यामुळे त्याला मित्र मिळत नाहीत, असे दुष्टचक्र निर्माण होते.

पृथक् शाळांचा काळ : यूरोपात अपंगांच्या संघटित शिक्षणाचा प्रारंभ अठराव्या शतकात पॅरिस येथे झाला. शार्ल मीशेल द लेपे (१७१२–८९) याने १७६० च्या सुमारास बधिर मुलांसाठी आणि व्हालांतँ आयुई (१७४५–१८२२) याने १७८४ मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत यूरोप व अमेरिकेत या धर्तीच्या निवासी शाळा मोठ्या संख्येने निघाल्या. या शाळांनी मुलांना कुटुंबापासून व गावातील सवंगड्यांपासून दूर नेले, हे खरे असले, तरी त्यांनी त्यांना प्रथमच समदुःखी व समभाषी मित्रही मिळवून दिले. विशेषतः बधिर मुलांच्या खुणांच्या भाषा ज्या रीतीने विकसित झाल्या, तीत निवासी शाळांमधील सहजीवनाचा वाटा मोठा आहे.

अंधांसाठी ठिपक्यांची लिपी तयार करणारा लुई ब्रेल (१८०९–५२) हा आयुईच्या शाळेत १८१९ मध्ये दाखल झाला व पुढे तेथेच शिक्षक झाला. त्याची लिपी अंधांना आपापसांत लिहिण्या-वाचण्यास उपयोगी होती. परंतु डोळस व्यक्तीस ती वाचता येत नसे. ही अडचण ओळखून ब्रेलने १८३९ मध्ये रोमन अक्षरांचे नेहमीचे आकार ठिपक्यांनी काढण्याची वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. पुढे प्येर फूको या त्याच्या अंध स्नेह्याने त्या पद्धतीने लिहिण्याचे यंत्र बनविले. अंध विद्यार्थ्याने आपल्या डोळस आप्तेष्टांशी मध्यस्थावाचून पत्रव्यवहार करावा, हा या खटाटोपाचा हेतू होता. अपंग व अन्य व्यक्ती यांच्यातील संबंधांसाठी दोघांना समान असे संपर्कमाध्यम लागते, या तत्त्वाचे हे एक प्रारंभीचे उदाहरण होय.

पृथक् शाळांच्या मर्यादा त्यांच्याच एका संस्थापकाने स्पष्टपणे मांडल्या. बॉस्टन येथील अंधशाळेचा प्रमुख सॅम्युएल ग्रिडली हौ (१८०१–७६) याने १८६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया येथे नव्या अंधशाळेच्या कोनशिला-समारंभात भाषण केले. अशा संस्था शक्य तितक्या कमी असाव्यात आणि अपंग मुलांना सामान्य मुलांच्या सहवासात वाढू द्यावे, असे मत त्याने त्या प्रसंगी मांडले. एकाच प्रकारचे अपंगत्व असलेल्यांना एकत्र कोंडल्याने त्यांचे वेगळेपण अधिक गडद होते, हा त्याचा मुख्य आक्षेप होता.

तथापि केवळ बहुसंख्याकांत मिसळण्याचा आग्रह धरल्याने काय होते, हे बधिरांच्या शिक्षणात दिसून आले. बधिर मुलांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेऐवजी मौखिक पद्धत वापरावी, असा ठराव १८८० मध्ये मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने केला. बधिर मुलांना श्रवणक्षम समाजात वावरता यावे, हे त्यामागील समर्थन होते. प्रत्यक्षात अनेक देशांतील शाळांमधून खुणांच्या भाषेस बंदी झाली आणि ज्या माध्यमातून ही मुले सहजपणे मैत्री करीत, तेच त्यांच्यापासून हिरावले गेले. या ठरावाच्या दुष्परिणामांबद्दल २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेत खेद व्यक्त करण्यात आला.

हेलन केलर (१८८०–१९६८) यांचे शिक्षण या दोन टोकांच्या मधले म्हणता येईल. अंध व बधिर असलेल्या केलर यांनी १८९६ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज येथील मुलींच्या शाळेत प्रवेश घेतला. पाहू व ऐकू शकणाऱ्या समवयस्क मुलींचा सहवास त्यांना तेथे प्रथमच लाभला. तेथील काही मुलींनी तळहातावर बोटांनी अक्षरे काढण्याची रीत शिकून घेतल्याने शिक्षिका ॲन सलिव्हन यांच्या मध्यस्थीवाचून त्यांच्याशी बोलणे शक्य झाले, असे केलर यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे रॅडक्लिफ महाविद्यालयात (१९००–०४) ही रीत जाणणाऱ्या सहाध्यायिनी जवळजवळ नव्हत्या. तेथे त्यांनी पदवी उत्तम रीतीने संपादन केली. परंतु एकाकीपणाही अनुभवला. विद्यार्थिनी तीच असताना दोन संस्थांतील अनुभव भिन्न झाले, याचे एक महत्त्वाचे कारण सहाध्यायिनींनी तिची भाषा शिकणे वा न शिकणे हे होते.

सामान्य शाळांतील प्रारंभीचे प्रयोग व समाजमिती : अमेरिकेत शिकागो येथे १९०० मध्ये सार्वजनिक शाळेत अंध मुलांचा वर्ग सुरू झाला. ही मुले घरी राहत, ब्रेल लिपीसाठी खास शिक्षकाची मदत घेत आणि उरलेला वेळ डोळस मुलांबरोबर शिकत. पुढे इतर शहरांतही असे वर्ग निघाले. या व्यवस्थेत एकत्र शिकणे साध्य झाले. पण मुलांचे परस्परसंबंध कसे आहेत, हे तपासण्याचे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते.

हे साधन जेकब मोरेनो (१८८९–१९७४) याने विकसित केलेल्या समाजमितीने पुरविले. त्याचा यासंबंधीचा मुख्य ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजमितीत प्रत्येक विद्यार्थ्यास ‘तुला कोणाशेजारी बसायला आवडेल’, ‘कोणाबरोबर खेळायला आवडेल’ असे प्रश्न खाजगीपणे विचारतात आणि उत्तरांवरून वर्गातील निवडींची आकृती काढतात. आकृतीत अनेकांनी निवडलेली मुले, एकमेकांस निवडणाऱ्या जोड्या आणि कोणीच न निवडलेली एकाकी मुले स्पष्ट दिसतात. शांत बसणारे मूल शिक्षकास समाधानी वाटते. आकृतीत मात्र त्याच्याकडे येणारी एकही रेषा नसते, असे पुष्कळदा आढळते.

जी. ऑर्व्हिल जॉन्सन याने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य वर्गांत बसणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची पाहणी समाजमितीने केली. अशा मुलांमध्ये एकाकी व नाकारलेल्या मुलांचे प्रमाण त्यांच्या वर्गबंधूंच्या मानाने बरेच अधिक असल्याचे त्यास आढळले. नाकारण्याची जी कारणे मुलांनी दिली, त्यांत अभ्यासातील मंदपणापेक्षा भांडणे, खोड्या काढणे यांसारख्या वर्तनाचा उल्लेख अधिक होता. या निष्कर्षाचे दोन परस्परविरोधी अर्थ काढण्यात आले. ही मुले पृथक् वर्गातच सुखी राहतील, असे एक मत होते. दुसऱ्या मतानुसार हे वर्तन म्हणजे कौशल्यांचा अभाव असून कौशल्ये शिकविता येतात. पुढील संशोधनाची दिशा मुख्यतः दुसऱ्या मताने ठरविली.

संपर्काच्या अटी : मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट (१८९७–१९६७) याने १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील आपल्या ग्रंथात भिन्न गटांमधील संपर्काविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. केवळ संपर्काने पूर्वग्रह कमी होत नाहीत, प्रसंगी ते वाढतातही. संपर्कात उभय पक्षांचा दर्जा समान असावा, दोघांपुढे एकच उद्दिष्ट असावे, ते गाठण्यासाठी परस्पर-सहकार्य आवश्यक असावे आणि या साऱ्यास संस्थेचा वा अधिकाऱ्यांचा पाठिंबा असावा, या चार अटी त्याने सांगितल्या. ऑलपोर्टचे विवेचन मुख्यतः वंश व धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावासंबंधी होते. अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीतही ते लागू पडते, असे पुढील अनुभवाने दिसून आले.

अमेरिकेत १९७३ मध्ये जे गॉटलीब व मिल्टन बुडॉफ यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात उल्लेखनीय आहे. नेहमीच्या भिंती असलेली शाळा व अंतर्गत भिंती नसलेली खुल्या रचनेची शाळा यांची त्यांनी तुलना केली. खुल्या रचनेत बौद्धिक अक्षमता असलेली मुले इतरांना अधिक दिसत व त्यांची ओळखही अधिक होती. तथापि त्यांची मित्र म्हणून निवड वाढली नव्हती. उलट त्यांना नाकारणाऱ्यांची संख्या अधिक होती. भिंती काढल्याने अंतर नाहीसे होईल, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरली.

याच सुमारास अनेक देशांत कायद्यांनी सामान्य शाळांची दारे उघडली. अमेरिकेत १९७५ चा सर्व अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याखालील नियमांत भोजन, सुट्टी व अभ्यासेतर कार्यक्रम या वेळी अपंग मुलांना शक्य तितके इतरांबरोबर राहू द्यावे, असे सांगितले होते. इटलीमध्ये १९७७ च्या ५१७ क्रमांकाच्या कायद्याने पृथक् वर्ग रद्द केले, अपंग विद्यार्थी असलेल्या वर्गाची कमाल पटसंख्या २० ठरविली आणि साहाय्यक शिक्षकाची तरतूद केली. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नक (१९२४–२०१९) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ च्या अहवालात एकात्मतेचे तीन प्रकार सांगितले : एकाच आवारात शिकणे म्हणजे स्थानिक एकात्मता, खेळ व भोजन एकत्र असणे म्हणजे सामाजिक एकात्मता आणि अभ्यासासह सर्व कार्यक्रमांत पूर्ण सहभाग म्हणजे कार्यात्मक एकात्मता. याच वॉर्नक यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत सामान्य शाळेत देहाने उपस्थित परंतु मनाने बहिष्कृत राहणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधले आणि सरसकट समावेशनाच्या धोरणाचा फेरविचार सुचविला. त्यांच्या या भूमिकेवर बरीच टीकाही झाली.

मैत्रीसाठी योजलेले उपाय : १९७० नंतर विकसित झालेल्या उपायांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. पहिला प्रकार सामाजिक कौशल्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणाचा. यात एखाद्या कौशल्याचे छोटे भाग पाडून ते करून दाखवितात, अभिनयाद्वारे सराव घेतात आणि केलेल्या प्रयत्नाबद्दल अभिप्राय देतात. स्वतंत्र खोलीत शिकलेले कौशल्य मैदानावर वापरले जाईलच असे नाही, ही या पद्धतीची प्रमुख अडचण होय. म्हणून सराव शक्यतो प्रत्यक्ष प्रसंगी घेणे श्रेयस्कर मानतात.

दुसऱ्या प्रकारात सहाध्यायांना तयार करतात. फिलिप स्ट्रेन व त्याचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात असे दाखविले की, अलिप्त राहणाऱ्या बालकास खेळात बोलावण्याचे, खेळणे पुढे करण्याचे व नकार आल्यास पुन्हा प्रयत्न करण्याचे साधे शिक्षण समवयस्कांना दिल्यास त्या बालकाचा प्रतिसाद वाढतो. या संशोधनाने बदलाची जबाबदारी एकट्या अपंग मुलावरून काढून दोन्ही पक्षांवर ठेवली. स्वमग्न मुलांसाठी या पद्धतीचा पुढे मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला.

तिसरा प्रकार सहकारी अध्ययनाचा. एलियट ॲरन्सन याने १९७१ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे, वंशभेदामुळे तणाव असलेल्या वर्गांसाठी एक पद्धत योजिली. तीत पाठाचे भाग पाडून गटातील प्रत्येक मुलास एकेक भाग देतात व त्याने तो इतरांना शिकवायचा असतो. प्रत्येकाजवळ इतरांना हवे असलेले काहीतरी असल्याने कोणास वगळून चालत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी सहकारी अध्ययनाचा उपयोग अपंग व अन्य विद्यार्थ्यांच्या संबंधांसाठी करून त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. ऑलपोर्टच्या अटी वर्गाच्या दैनंदिन कामात उतरविण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग समजला जातो.

चौथा प्रकार मित्रमंडळांचा. कॅनडातील टोराँटो येथे १९८० च्या सुमारास ज्यूडिथ स्नो (१९४९–२०१५) या तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या विदुषीस शुश्रूषागृहातील जीवनातून बाहेर काढण्यासाठी तिच्या स्नेह्यांनी एक मंडळ बनविले. त्यातील मार्शा फॉरेस्ट व इतरांनी ही कल्पना पुढे शाळांत नेली. यात वर्गातील मुले आपल्या आयुष्यात कोण कोण आहेत याचा विचार करतात, अपंग सहाध्यायाच्या आयुष्यात अशी माणसे किती आहेत हे पाहतात व स्वेच्छेने त्याच्या भोवती एक गट तयार करतात. क्रीडाक्षेत्रात, १९६८ मध्ये शिकागो येथे सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्स या चळवळीने १९८९ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या व नसलेल्या खेळाडूंचे संयुक्त संघ उतरविण्यास प्रारंभ केला.

या सर्व उपायांत एक धोका संभवतो. नेमून दिलेला मदतनीस विद्यार्थी मित्र न होता लहानसा पालक होऊन बसतो. दप्तर उचलणे, चाकाची खुर्ची ढकलणे, वही उतरवून देणे ही कामे एकाच दिशेने होत राहिली, तर संबंधात कृपा व उपकार यांची भावना शिरते. प्रौढ साहाय्यकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मायकेल जिआंग्रेको व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, साहाय्यक सतत मुलाच्या निकट बसल्यास इतर मुले त्याच्यापासून दूर राहतात आणि वर्गशिक्षकही त्याची जबाबदारी आपली मानीत नाहीत, असे दाखवून दिले. साहाय्य आवश्यक असतेच. परंतु कोणत्या वेळी बाजूला व्हावे, हे साहाय्यकास शिकविणे तितकेच आवश्यक ठरते.

भारतातील वाटचाल : भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अपंगांच्या विशेष शाळा सुरू झाल्या. मुंबईत बधिर मुलांसाठी १८८० नंतरच्या दशकात शाळा निघाली. ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे १८८७ मध्ये अंधांसाठी शाळा काढली, तर मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली अंधशाळा पुढे दादर येथे स्थिरावली. या शाळांमुळे शिक्षणाचा मार्ग खुला झाला. पण त्यांची संख्या अल्प व त्या मुख्यतः शहरांत असल्याने बहुसंख्य अपंग मुले शाळेबाहेरच राहिली.

अपंग मुलांना शक्य तेथे इतर मुलांपासून वेगळे काढू नये, असे मत १९४४ च्या सार्जंट अहवालाने नोंदविले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सामान्य शाळांतील शिक्षणाचा पुरस्कार करताना खर्चातील बचतीबरोबरच अपंग व अन्य मुलांमधील परस्परसामंजस्य हा त्याचा लाभ म्हणून सांगितला. त्याच वेळी, सामान्य शाळेत घातलेल्या अनेक अपंग मुलांना तेथील अनुभव मानसिक दृष्ट्या क्लेशदायक होतो, ही गोष्टही आयोगाने मोकळेपणाने मान्य केली. हे दोन्ही परिणाम संभवत असतील, तर त्यांपैकी कोणता घडेल हे शाळेतील व्यवस्थेवर अवलंबून राहते. परंतु ती व्यवस्था कशी असावी, याकडे पुढील योजनांत पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

केंद्र शासनाने १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली व १९८२ मध्ये ती शिक्षण विभागाकडे आली. पुस्तके, वाहतूक, वाचक यांसाठी भत्ते, संसाधन शिक्षक व साधने यांची तरतूद योजनेत होती. बहुतेक तरतुदी अध्ययन व उपस्थिती यांच्या सोयीसाठी होत्या. युनिसेफच्या साहाय्याने १९८७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात महाराष्ट्रासह निवडक राज्यांतील व महानगरपालिकांतील दहा गटांमध्ये सर्व सामान्य शिक्षकांनाही प्रशिक्षण देण्यावर भर होता. अपंग मूल केवळ विशेष शिक्षकाचे नसून साऱ्या शाळेचे आहे, हा विचार त्यामुळे रुजू लागला. महाराष्ट्रात मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचा प्रवास या दृष्टीने बोधप्रद आहे. मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी विशेष शाळा चालविणारी ही संस्था पुढे त्या मुलांना सामान्य शाळांत सामावून घेण्याच्या कार्याकडे वळली.

अपंग व्यक्तींसंबंधीच्या १९९५ च्या कायद्याने सामान्य शाळांतील एकात्मतेस उत्तेजन देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या करारास अनुसमर्थन दिले. या करारात जीवन-कौशल्ये व सामाजिक विकासाची कौशल्ये शिकण्याची सोय हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आहे. त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मान्य अपंगत्व-प्रकारांची संख्या २१ करण्यात आली. शाळांनी खेळ व मनोरंजनाची संधी समानतेने द्यावी आणि बौद्धिक व सामाजिक विकास जास्तीत जास्त होईल अशा वातावरणात साहाय्य पुरवावे, असेही त्यात नमूद केले आहे. यानंतर शासकीय व्यवहारात ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला.

शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. ज्यांना प्रवास अशक्य आहे त्यांच्यासाठी हा पर्याय मोलाचा आहे. मात्र अशा बालकाचे नाव हजेरीपटावर असले, तरी त्याला सहाध्यायी नसतात. महिन्यातील काही दिवस त्यास शाळेत आणणे, वर्गातील मुलांनी त्याच्या घरी जाणे, शाळेच्या सहली व स्नेहसंमेलनात त्याला भाग देणे या उपायांवाचून त्याचे शिक्षण एकलकोंडे राहते.

बधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न : बधिर मुलांच्या बाबतीत सामान्य शाळेतील समावेशनाविषयी मतभेद आहेत. जेथे खुणांची भाषा कोणीच जाणत नाही, अशा वर्गात एकटे बधिर मूल मुलांच्या घोळक्यात असूनही संभाषणापासून वंचित राहते. म्हणूनच समावेशक शिक्षणाचा जगभर पुरस्कार करणाऱ्या १९९४ च्या सालामांका घोषणेबरोबरच्या कृतिआराखड्यात, बधिर व अंध-बधिर मुलांना विशेष शाळा किंवा सामान्य शाळेतील विशेष वर्ग अधिक उपयुक्त ठरू शकतात, असे मान्य केले होते. एकाच वर्गात अनेक बधिर मुले ठेवणे व सर्वांना खुणांची भाषा शिकविणे, हा त्यावरील एक मार्ग होय. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी दिल्ली येथे २०१५ मध्ये केंद्र स्थापन झाले आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने या भाषेस माध्यमिक स्तरावर विषयाचे स्थान दिले. श्रवणक्षम मुलांनी ही भाषा शिकल्यास मैत्रीचे माध्यम उपलब्ध होऊ शकते.

समालोचन : गेल्या दोन शतकांचा अनुभव पाहता, अपंग विद्यार्थ्याची सामान्य शाळेतील उपस्थिती ही मैत्रीची आवश्यक अट असली, तरी ती पुरेशी नाही. मराठी मुलांच्या खेळांत लहान वा दुबळ्या गड्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेण्याची पद्धत आहे. त्याला मैदानात धावू देतात. परंतु तो बाद होत नाही व त्याचा गुणही धरीत नाहीत. यात सद्‌भावना असते. पण त्याच्या असण्या-नसण्याने डावात फरक पडत नाही. अनेक शाळांत अपंग विद्यार्थ्याचे स्थान असेच राहिले आहे. त्यास कवायतीतून सूट मिळते, सहलीस न येण्याची मुभा मिळते व स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतील खुर्ची मिळते. ही प्रत्येक सवलत दयाबुद्धीने दिलेली असते आणि तिच्यामुळे सवंगड्यांबरोबर घालविण्याचा एकेक प्रसंग कमी होतो.

याउलट जे उपाय उपयोगी ठरले, ते बहुधा साधे व अल्पखर्चिक आहेत. आवाज करणारा चेंडू वापरल्यास अंध मुलास खेळात प्रत्यक्ष भाग घेता येतो. मैदानापर्यंत उतरण असल्यास चाकाच्या खुर्चीतील मूल मधल्या सुट्टीत वर्गात एकटे उरत नाही. बोलणाऱ्याने आधी आपले नाव सांगणे, बधिर मुलाकडे तोंड करून बोलणे, सूचना छोट्या वाक्यांत देणे या सवयी सर्व वर्गास लावता येतात. गटकार्यात प्रत्येकाकडे खरी जबाबदारी सोपविणे, बसण्याच्या जागा ठराविक काळाने बदलणे, अपंगत्वावरून ठेवलेली टोपणनावे हा विनोद न मानता वेळीच थांबविणे आणि अपंग मुलास इतरांना मदत करण्याची संधी देणे, ही कामे वर्गशिक्षकाच्या अधिकारातील आहेत. वर्षातून एकदोनदा समाजमितीची साधी चाचणी घेतल्यास, कोणाकडे एकही रेषा जात नाही हे शिक्षकास कळू शकते.

मैत्री आज्ञेने घडविता येत नाही आणि प्रत्येक अपंग विद्यार्थ्याने अपंग नसलेल्यांशीच मैत्री करावी, असा आग्रहही योग्य नाही. समान अनुभव असलेल्या मित्रांचे त्याच्या जीवनातील स्थान वेगळे व महत्त्वाचे असते. निवडीचे स्वातंत्र्य दोन्ही बाजूंना असावे, एवढीच अपेक्षा रास्त आहे. परंतु ज्याच्याशी कधी एकत्र काम केले नाही, ज्याची भाषा कळत नाही व जो सुट्टीत कोठे असतो हे ठाऊक नाही, त्याची निवड कोणी करू शकत नाही. ही ओळख होण्यास अवसर देणे शाळेच्या हाती असते. एकात्म शिक्षणाच्या यशाचे मोजमाप पटावरील नोंदींबरोबरच या कसोटीवरही करावे लागते.